ग्रुपवरची घाण काढायची कोणी? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच विषयावरची निघाली, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टा. कोणाचा ग्रुप फुटला, कोणाच्या पोरीचे फोटो बिघडवले, कोणी रिपोर्ट करून करून थकलंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, यावेळी फक्त हेच. नावं, पत्ते सगळे काढलेत.

प्रश्न : ताई, मनीषनगरात आमची ८४ फ्लॅटची स्कीम आहे आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन मी आहो. मागच्या आठवड्यात एकानं पोट्टे पळवणारी टोळी नागपुरात आली म्हणून व्हिडिओ टाकला, दोन तासात सगळ्या ग्रुपवर तेच सुरू, आणि संध्याकाळी एका भंगारवाल्याले लोकांनी गेटवर अडवून ठेवलं, आधार कार्ड मागून राहिले होते. मी लिहिलं की बंद करा तर मलेच शिव्या. आता शेजारचा वकील म्हणते काही झालं तर पोलीस अ‍ॅडमिनलेच उचलते. खरं आहे का? ग्रुप सोडून देऊ का?
— एक अ‍ॅडमिन, मनीषनगर

भाऊ, सगळ्यात आधी मला सांगा, तो भंगारवाला सुखरूप घरी गेला ना? तुम्ही पत्रात ते लिहिलंच नाही आणि मी रात्रभर तोच विचार करून राहिले होते.

कारण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात हेच झालं होतं. रविवार होता, गावचा बाजार होता, सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आलेले, आणि पोरं पळवणारे आले ही बोंब आधीच मोबाइलवरून गावोगाव पोचलेली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. त्या वर्षी देशभर जो व्हिडिओ फिरत होता ना, मोटरसायकलवरचे दोघं येतात आणि मूल उचलून नेतात, तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीत लोकांना सावध करायला बनवलेला होता, शेवटी ते मूल परत आणून सोडतात, पण कोणीतरी नेमका तेवढाच तुकडा कापला आणि उरलेलं पुढे ढकललं. तुमच्या ग्रुपवरचा व्हिडिओ मी पाहिला नाही, पण पुढच्या वेळी असं काही आलं की टाकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा, हे कोणत्या गावचं आहे आणि कोणत्या पोलीस स्टेशनात नोंद आहे. उत्तर येत नाही, माझा अनुभव तरी हाच आहे.

आता तुमची भीती. या बाबतीत निकाल आपल्याच गावातून आलाय, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा, २०२१ चा, प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. कोर्ट म्हणालं की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून फक्त अ‍ॅडमिन असण्यावरून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा मिळून आधीच ठरवलेला बेत होता असं दिसलं पाहिजे. कारण काय दिलं, तर अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय टाकणार हे तो आधी तपासू शकत नाही. तेव्हा वकील शेजाऱ्याला हा निकाल दाखवा. पण भाऊ, तुम्ही स्वतः तो व्हिडिओ दुसरीकडे फॉरवर्ड केला असेल तर तिथे अ‍ॅडमिन असण्याचा संबंधच नाही, अफवा पसरवण्याचं कलम भारतीय न्याय संहितेत आहे, ३५३, ते कोणालाही लागतं.

आणि एक गोष्ट त्या निकालानंतर बदलली. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. म्हणजे आता हातात काहीच नाही असं आपल्याला म्हणता येत नाही, निदान मनाशी तरी नाही. तो मेसेज दाबून धरा, डिलीट करा, आणि ग्रुपवर नावासकट लिहा की मी काढला, का काढला. वातावरण फारच तापलं असेल तर सेटिंगमधे जाऊन फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकतील असं करून ठेवा, एक दिवस, दोन दिवस. १७ मार्च २०२५ च्या रात्री नागपुरातल्या महाल, हंसापुरीत जाळपोळ झाली, मग कर्फ्यू लागला, तेव्हा माझ्या बहिणीच्या गल्लीतल्या ग्रुपच्या अ‍ॅडमिननं हेच केलं होतं. लोक चिडले, दोघं निघून गेले. पण त्या ग्रुपवरून एकही अफवा बाहेर गेली नाही आणि दूध कुठे मिळतंय, कोणतं मेडिकल उघडं आहे एवढंच तो माणूस सकाळ-संध्याकाळ टाकत राहिला. त्या माणसाला यासाठी कोणी पगार देत नाही. तुम्हालाही नाही. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीचं काम तुम्ही फुकटात करून राहिले, हे मला दिसतं, पण ग्रुप सोडू नका भाऊ. तुम्ही सोडला तर तो व्हिडिओ टाकणाराच अ‍ॅडमिन होईल.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे, बारावीला. कोणीतरी तिच्या नावाचं खोटं इन्स्टा अकाउंट काढलं आणि तिच्या चेहऱ्याचे घाणेरडे फोटो बनवून टाकले. तिच्या क्लासच्या पोरांकडे ते पोचले. ती चार दिवस झाले खोलीबाहेर येत नाही. हे म्हणतात पोलिसात गेलो तर बदनामी होईल, अकाउंट रिपोर्ट करू आणि विसरून जाऊ. मी काय करू?
— एक आई, नंदनवन

ताई, आधी पोरीजवळ जाऊन बसा आणि एकदा नाही, दहादा सांगा की यात तुझं काही चुकलं नाही. मोबाइल काढून घेऊ नका. आपण घाबरून सगळ्यात आधी हेच करतो, आणि पोरीला वाटतं शिक्षा मलाच झाली.

आता भराभर काय करायचं ते. अकाउंट रिपोर्ट करून उडवायच्या आधी पुरावा घ्या, त्या अकाउंटच्या पानाचे स्क्रीनशॉट, त्याची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे, ज्या पोरांना मेसेज गेले त्यांच्या चॅटचे पण. फोटो मात्र पुरावा म्हणून कोणाला पाठवत बसू नका, अगदी मामा-काकांना पण नाही, ती १८ च्या आतली आहे, असे फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे.

मग रिपोर्ट. नुसतं पोस्टवरच्या तीन टिंबांवरून करून थांबू नका, तिथे बहुतेकदा मशीनच उत्तर देते. कंपनीचा भारतातला तक्रार अधिकारी असतो, ग्रीव्हन्स ऑफिसर, २०२१ च्या आयटी नियमांनी तो नेमणं बंधनकारक केलं आणि त्याचा पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो. त्याच नियमांनी नग्न फोटो, किंवा दुसऱ्याचं सोंग घेऊन बनवलेले, मॉर्फ केलेले फोटो, यासाठी तक्रार आल्यापासून २४ तासांची मुदत घालून दिली होती, २०२६ च्या फेब्रुवारीत ती दोन तासांवर आणली. आणि तक्रार मुलीनंच केली पाहिजे असं नाही, तिच्या वतीनं आई करू शकते. मेलमधे पहिल्याच ओळीत लिहा, वय १७, मॉर्फ केलेले फोटो, खोटं अकाउंट, खाली लिंका. गोष्ट सांगत बसू नका. तरी हललं नाही तर सरकारच्या ग्रीव्हन्स अपेलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं, अधिकाऱ्याचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत. या कमिट्या २०२३ पासून आहेत पण आपल्याकडे दहातल्या नऊ जणांनी नावही ऐकलेलं नसतं.

फोटो दुसरीकडे पसरू नयेत म्हणून टेक इट डाउन नावाची एक मोफत सोय आहे, १८ च्या आतल्या मुलांसाठी, अमेरिकेतली मुलांसाठी काम करणारी संस्था चालवते. मोठ्या बायकांसाठी स्टॉप एनसीआयआय. दोन्हींचं चालणं सारखंच, फोटो तुमच्या मोबाइलच्या बाहेर जातच नाही, त्याचा आकड्यांचा एक ठसा बनतो, तेवढाच सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो कोणी चढवायला गेलं की त्यांना ओळखता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद चॅटमधे हे चालत नाही, ते आधीच सांगते.

आणि पोलीस. तुमच्या मिस्टरांची काळजी मला कळते, पण बदनामी मुलीची होत नाहीये, गुन्हा दुसऱ्यानं केलाय. ती अल्पवयीन आहे, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागू शकतो, आणि तिचं नाव, शाळा, ओळख कोणालाही जाहीर करता येत नाही, ना पोलिसांना ना पेपरला. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारीसाठी वेगळा भाग आहे, नाव न सांगताही सुरुवात करता येते. पण मी म्हणेन प्रत्यक्ष जा, सायबर पोलीस स्टेशनात जा नाहीतर जवळच्या ठाण्यात, हद्द आमची नाही असं कोणी म्हणालं तर झिरो एफआयआर हा शब्द वापरा, तो नोंदवावाच लागतो. पैशाची मागणी आली तर एक रुपया देऊ नका, लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० ला फोन.

मी वीस वर्षांपूर्वी सायबर कॅफे चालवायचे तेव्हाही ऑर्कुटवर पोरींची खोटी प्रोफाइलं निघायची. एक पोरगी माझ्याकडेच कॉम्प्युटरवर ते बघून रडली होती, मी तिला म्हटलं जाऊ दे, दुर्लक्ष कर. तिनं कॉलेज सोडलं. ते मी विसरले नाही, म्हणून तुम्हाला हे पत्र एवढं लांब लिहून राहिले. क्लासमधे पण जा, सरांना भेटा, ज्या पोरांकडे फोटो आहेत त्यांच्या आईबापांना एकदा समोर बसवा.

प्रश्न : मी घरगुती सावजी मसाले विकते, रील्स टाकते. खाली मराठीत इतके घाण कमेंट येतात, जातीवरून पण. रिपोर्ट केलं की उत्तर येतं, हे आमच्या नियमांविरुद्ध नाही. आई-बहिणीवरून शिवी नियमात बसते का?
— एक वाचक, इतवारी

बसत नाही. पण ती वाचणारं कोणी नाही.

२०२१ मधे फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यात एक आकडा होता तो माझ्या डोक्यातून जात नाही, चुकीची माहिती ओळखण्याच्या कामासाठी ठेवलेल्या जागतिक बजेटपैकी ८७ टक्के एकट्या अमेरिकेसाठी आणि बाकी सगळ्या जगासाठी १३. कंपनी म्हणाली हा आकडा अपुरा आहे, बाहेरच्या संस्थांकडून करून घेतलेलं काम त्यात धरलेलं नाही. असेल. पण त्या तेरातलं हिंदीला किती, मराठीला किती, आणि मराठीतही आपली नागपूरची बोली, त्यात ती इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली, मधे स्टार आणि आकडे घातलेली. मशीनला "पोट्टी" हा शब्द प्रेमाचा की टोमण्याचा हे कसं कळणार, ते तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून कळतं. जी माणसं हे काम करतात त्यांचेही हाल आहेत, दिवसभर खून-बलात्काराचे व्हिडिओ बघून अमेरिकेतले मॉडरेटर मनानं आजारी पडले, कोर्टात गेले, २०२० मधे फेसबुकनं ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. आणि २०२५ च्या जानेवारीत मेटानं, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीनं, अमेरिकेत बाहेरच्या फॅक्टचेकर संस्थांचं काम थांबवायचं जाहीर केलं, आता वाचकांनीच पोस्टखाली टिपा लिहायच्या. म्हणजे परत फुकटचं काम लोकांकडेच.

दुसरं कारण जास्त खोल आहे. २०१७ पासून फेसबुकवर साध्या लाइकला एक गुण धरला तर रागाच्या, हसण्याच्या, रडण्याच्या इमोजीला पाच धरायचे, पोस्ट किती लोकांना दाखवायची ते ठरवताना. ज्या पोस्टवर लोक चिडतात ती वर चढायची. रागाच्या इमोजीचं वजन त्यांनी २०२० मधे शून्यावर आणलं, पण तीन वर्षं लोकांना सवय लागली ती लागलीच. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत आपण पण ओरडतोच की, १८८१ पासून काळी मारबत निघते, बडग्यांवर, म्हणजे त्या पुतळ्यांवर, वर्षभराचा राग काढतो, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणतो, आणि संध्याकाळी ते जाळून घरी येतो. राग संपतो. इथं तो जळत नाही, उद्या परत वर येतो, कारण कोणीतरी तो मोजून ठेवलेला असतो.

तुमच्यापुरतं करायचं ते असं. इन्स्टाच्या सेटिंगमधे हिडन वर्ड्स म्हणून आहे, तिथे तुम्ही स्वतः शब्दांची यादी घालू शकता. लाज सोडा आणि येणारी एकेक शिवी घाला, देवनागरीत पण, इंग्रजी अक्षरांत पण, जितक्या स्पेलिंगनी येतात तितक्या. अशा कमेंटा आपोआप झाकल्या जातात. हे काम बसून करायला एक तास लागतो आणि मन खराब होतं, एखाद्या मैत्रिणीला सोबत घ्या. जातीवरून लिहिणाऱ्यांचं मात्र झाकून सोडू नका, स्क्रीनशॉट ठेवा. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे आणि मोबाइलवरून केलेला जाहीर अपमान म्हणून तो सुटत नाही. वकिलाला विचारून पुढे जा. मसाले विकत राहा ताई.

प्रश्न : जुन्या नागपूरच्या फोटोंचा आमचा फेसबुक ग्रुप, नऊ वर्षं जमवलेला. अ‍ॅडमिनला मेसेज आला की कॉपीराइटमुळे २४ तासांत ग्रुप बंद होईल, लिंकवर क्लिक करा. त्यांनी केलं. आता तिथे सट्ट्याच्या जाहिराती सुरू आहेत आणि आम्ही सगळे बाहेर. परत मिळेल का?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी

काका, मिळेलच असं वचन देत नाही. अ‍ॅडमिननं आजच फेसबुकच्या अकाउंट हॅक झाल्याच्या पानावर जावं, आधी ज्या मोबाइलवरून नेहमी लॉगिन करायचे त्याच मोबाइलवरून, तिथून ओळख पटायची शक्यता जास्त. सायबर पोर्टलवर तक्रार, तिचा नंबर ग्रीव्हन्स ऑफिसरला मेलमधे. आणि जेवढे जुने सदस्य आहेत त्यांनी एकाच दिवशी ग्रुप रिपोर्ट करावा. ती लिंक कंपनीची नव्हती एवढं तुम्हाला आता कळलंच आहे, अकाउंटबद्दल काही खरं असेल तर ते आत सेटिंगमधेच दिसतं.

पण माझ्या जिवाला लागलं ते त्या फोटोंचं. नागपूर राजधानी होतं तेव्हाची सीताबर्डी, नागभीडच्या नॅरोगेजचे डबे, कोणाच्या आजोबांचा गणवेशातला फोटो, मागे पेन्सिलनं लिहिलेली तारीख. हे सगळं आपण दुसऱ्याच्या वाड्यात, भाडेपट्टाही न करता नेऊन ठेवलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस २०१९ ला, टिकटॉक २०२० च्या जूनमधे सरकारनं एका रात्रीत बंद केलं, प्रत्येक वेळी कोणाचा तरी गोतावळा गेला. म्हणून आता वाट न बघता सदस्यांना फोन करा, फोटो लोकांच्या घरी मूळ आहेतच, ते हार्ड डिस्कवर जमा करा, दोन प्रती, दोन घरी. नवीन ग्रुप काढाल तेव्हा तीन अ‍ॅडमिन ठेवा, तिघांचं टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा. जमलं तर एका रविवारी सगळे मिळून बसा, स्कॅनर माझ्याकडे आहे, मी आणते.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, वर्गातल्या सगळ्यांचं इन्स्टा आहे म्हणतो. देऊ का?
— त्रिमूर्तीनगर

नाही. कंपनीचाच नियम १३ चा आहे. ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना अशा साइट्सवर अकाउंटच ठेवू द्यायचं नाही असं केलं. खोटी जन्मतारीख टाकून काढून दिलं की मशीन त्याला मोठा समजते आणि अनोळखी माणसांसाठी दार उघडं राहतं. वर्गातल्या चार आयांशी बोला, सगळ्यांचं आहे हे बहुतेक वेळा खरं नसतं.

प्रश्न : महालात आमचा मोठा वाडा होता, आता सगळे विखुरले. भावंडांचा, मुलांचा मिळून ४१ जणांचा ग्रुप होता. निवडणुकीच्या वेळी मी एक फॉरवर्ड टाकला, पुतण्यानं सगळ्यांसमोर खोटा म्हणून दाखवलं, मी शिक्षक होतो, मला ते सहन झालं नाही, बोललो, तो ग्रुप सोडून गेला. त्याच्या मुलीचं बारसं झालं, मला बोलावणं नव्हतं. तो फॉरवर्ड खोटाच होता हे मला नंतर कळलं.
— एक काका

काका, शेवटचं वाक्य लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते दिसतंय, मधे शाई बदलली आहे.

हे सगळ्याच घरांमधे झालंय. आपण ज्या पिढीचे आहोत तिला छापलेलं खरं वाटतं, पेपरात आलं म्हणजे कोणीतरी तपासलं असेल ही आपली सवय, आणि मोबाइलवर ते अक्षर तसंच दिसतं. त्यात पाठवणारा ओळखीचा. वर दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलाय, २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, कंपनीला पण त्याची भीती वाटली म्हणून. पुतण्यानं चारचौघांत बोलायला नको होतं, त्यानं तुम्हाला वेगळा फोन करायला पाहिजे होता, हे पण खरं. पण तो लहान आहे आणि चूक त्याची नव्हती.

ग्रुपवर माफी लिहू नका, तिथे ४१ जण बघत बसतील आणि कोणीतरी हात जोडलेला इमोजी टाकेल की संपलं. त्याच्या घरी जा. बाळासाठी काहीतरी न्या, काकूंना सोबत घ्या. फॉरवर्ड खोटा होता हे पहिल्या पाच मिनिटांत तुम्हीच बोला, मग चहा. ग्रुप परत सुरू करायचा का, त्यावर फॉरवर्ड चालू द्यायचे की फक्त घरचे फोटो आणि घरच्या बातम्या, हे तिथंच बसून दोघं मिळून ठरवा, आणि अ‍ॅडमिन त्याला करा.